मनूच्या तारा केव्हा निघणार?

पिशोर
१४ जून १९९८

चि. आबेदा,

तात्याचा आशीर्वाद. तुझ्या दवाखान्याच्या उद्घाटनाला आलो, पेढे खाल्ले, ती वर-खाली होणारी खुर्ची बी बघितली. पण परतीच्या एसटीत बसलो अन् डोक्यात जो घोळ सुरू झाला तो अजून मिटला नाय. गावात जो तो विचारतो, मजीदभाईची पोरगी कशाची डॉक्टर झाली? मी म्हणतो, दाताची. मंग दाढ उपटते का? मी म्हणतो, नाय उपटत म्हणे. कवळी बसवते का? ते बी नाय. मंग करते काय? आता मी काय सांगावं, कपाळ! तुझ्या पाटीवर जे लिहिलंय ते इथल्या मास्तरला बी धड म्हणता येईना.

तू आमच्या डोळ्यांसमोर वाढलीस. मजीदभाईचं बांगड्यांचं दुकान आमच्या ओट्याला लागून होतं तव्हा तू आमच्याच घरी जेवून शाळेत जायचीस. म्हणून हक्कानं विचारतो. किती वर्षं शिकलीस? पगार आहे का धंदा? शाळामास्तरापेक्षा जास्त मिळतं का कमी? माझी पहिली दोन वर्षं निजामाच्या शाळेत उर्दूत गेली, पुलिस ॲक्शन झालं अन् पाटी पुसून पुन्हा पहिलीपासून मराठी. त्यामुळं शिक्षणाचं मला जरा उशिरानंच कळतं.

आता मुद्द्याचं. आमची पोरगी मनू, म्हणजे मनकर्णा, माझ्या आईचं नाव ठेवलेली, यंदा बारावीला गेली. माझी आवडाअक्का करमाडला दिली हे तुला ठाऊक आहे. तिच्या पुतण्यासाठी अक्का मनूला मागते. पोराची वीटभट्टी आहे, ट्रॅक्टर आहे. पण त्यांच्याकडून निरोप आला, पोरगी गुणाची आहे, पण हसली की दात आधी घराबाहेर येतात. ते ऐकल्यापासून पोर ओढणीचा पदर तोंडावर धरूनच हसते. अक्का म्हणते, दात सरळ करून घे, मंग याद्या करून लग्न पक्कं करू. आई गेली तव्हा मी पाळण्यात होतो. अक्कानं मला वाढवलं. तिचा शब्द मी आजवर खाली पडू दिला नाय.

तर हे दात सरळ होतात का? अन् दिवाळीपर्यंत होतील का?

तुझा,
तात्यासाहेब

---

गुलमंडी, औरंगाबाद
२३ जून १९९८

तीर्थरूप तात्या,

तुम्हाला आणि काकूंना सलाम. तुमचं पत्र अब्बांना वाचून दाखवलं. ते इतके हसले की खाली दुकानातलं गिऱ्हाईक जिना चढून वर बघायला आलं. खरं सांगू का, मी काय करते हे त्यांनाही अजून नीट कळलेलं नाही.

वाकडे, पुढे आलेले, एकमेकांवर चढलेले दात तारा लावून ओळीत आणायचे, एवढंच माझं काम. बारावीनंतर दातांची डॉक्टरकी पाच वर्षं. मग परत परीक्षा, आणि नागपूरला या एकाच कामासाठी अजून तीन वर्षं. त्यातले पहिले कित्येक महिने तर पेशंटला हातही लावू देत नाहीत. नुसती तार वाकवायची. कागदावर नक्षी काढून देतात, तशी तार वळवायची आणि टेबलावर ठेवायची. एक टोक जरी वर उचललेलं दिसलं तरी सर ती कचऱ्यात टाकायचे. मी घरी रडत सांगितलं तर अब्बा म्हणाले, "बेटा, बांगड्याच करायच्या होत्या तर दुकान काय वाईट होतं?"

पगाराचं म्हणाल तर सकाळी एका डेंटल कॉलेजात शिकवते, तो पगार तुमच्या मास्तरांपेक्षा जरासा बरा. दुपारनंतर माझा दवाखाना. आणि आठवड्यातून दोन दिवस बॅग उचलायची आणि जालना, बीड. तिथले डॉक्टर तारांचे पेशंट माझ्यासाठी बसवून ठेवतात. आमच्यात असंच चालतं, फिरस्त्या कासारासारखं. दाढ उपटणाऱ्याचे पैसे त्याच दिवशी गल्ल्यात पडतात. माझे दर महिन्याला चिमूट चिमूट येतात, तेही पेशंट परत आला तर.

आता मनूचं. दिवाळीपर्यंत होणार नाही, तात्या. दीड वर्ष तरी धरा. दात हाडात रुतलेला असतो. त्याला हळू रेटलं की एका बाजूचं हाड विरघळतं आणि मागे नवं भरतं. घाई केली तर दात मुळातून हलतो. मनू उद्घाटनाला आली होती तेव्हा मी पाहिलं, तिचा जबडा लहान आहे, त्यामुळे जागा करायला बहुतेक चार दात काढावे लागतील. ते काम माझी मैत्रीण करेल. मग प्रत्येक दातावर एक छोटी धातूची टिकली चिकटवून त्यांतून तार ओवायची. त्यानंतर फुटाणे, सुपारी, कडक पेरू बंद. ऊस तर बिलकूल नाही. टिकली निघाली की तिथला दात थांबतो आणि सगळा हिशोब मागे जातो.

माझ्या स्वतःच्या खुर्चीवरची ही पहिली पेशंट असेल. तिला घेऊन या.

तुमची,
आबेदा

---

पिशोर
९ सप्टेंबर १९९८

चि. आबेदा,

तारा बसवून महिना झाला. पहिले दोन दिवस पोर नुसत्या भातावर होती, मला रागानं बघायची. आता सवय झाली. गल्लीतल्या बाया येऊन तोंड उघडायला लावतात अन् "अगं बया!" करून जातात. दगडाबाईनं तर विचारलं, चांदीच्या आहेत का, मोडीला काय भाव येईल?

तुझ्यावर एक तक्रार आहे. आपल्या गल्लीतल्या कडूबाला तुझ्याकडं दाढ उपटायला पाठवला. तू त्याचं तोंड बघितलंस अन् दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी दिलीस. तो आता चावडीवर सांगत बसतो, आठ वर्षं शिकली पण दाढ उपटता येईना. मी म्हणालो, अरे, ती उपटायचं नाय, वळवायचं शिकली. गोऱ्ह्याची शिंगं वाकडी निघाली तर आपण दोरी बांधून वळवतो ना, तसं. तव्हा कुठं त्याला पटलं. मला पटलं का नाय ते विचारू नको.

अक्का दर बाजाराला निरोप धाडते, दात कुठवर आले? जसं काय रस्त्यावर आहेत. तिला सांगितलंय, डॉक्टरीणबाई म्हणते तव्हाच. पण तू जरा हात चालव, पोरी. दीड वर्ष म्हणजे लई झालं. माणसं नावं ठेवतात.

अन् मनूला तू समजावून सांग. मी बाजारातून काय बी आणलं तरी ती खाते.

तुझा,
तात्यासाहेब

---

औरंगाबाद
३ फेब्रुवारी १९९९

तीर्थरूप तात्या,

काल मनू येऊन गेली. पुढचे दात छान आत येत आहेत. मी खूश व्हायला हवं, पण मला झोप नाही.

तिच्या खालच्या उजव्या बाजूच्या मागच्या टिकल्या परत निघाल्या. दिवाळीनंतर प्रत्येक खेपेला हेच. मी चिकटवते, ती जाते, पुढच्या महिन्यात टिकली हातात घेऊन येते. मी चिकटवायचा मसाला बदलला. दात जास्त वेळ कोरडा करून पाहिला. तार बारीक केली. तेच डबे, तोच मसाला, तोच माझा हात घेऊन मी जालन्याला जाते, तिथे एकाचीही टिकली हलत नाही. म्हणजे चूक माझी असेल तर फक्त मनूच्याच तोंडात कशी? आणि चूक माझी नसेल तर कुणाची? माझं डोकं चालेनासं झालंय.

ती ऊस खाते का? रागावू नका, विचारणं भाग आहे. मी तिला विचारलं तर ती छताकडे बघते.

आबेदा

---

पिशोर
२० फेब्रुवारी १९९९

चि. आबेदा,

पत्र वाचून जीव जळला. माझ्या घरात ऊस? वावरात ऊस उभा आहे म्हणून काय आम्ही उठता-बसता ऊसच खातो का? तुझा डिंक कच्चा असंल. दुसरा आण, चांगल्या दुकानातून आण.

अक्का येऊन गेली, दोन दिवस राहिली. मनूच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "पुढून तर सरळ दिसतात की, मंग काढून का टाकत नाय?" मी म्हणालो, डॉक्टरीणबाई नाय म्हणते. तिच्या शिक्षणापुढं आपण काय बोलणार? अक्का गप्प बसली. तुझं नाव घेतलं की अक्का गप्प बसते, हे एक बरं आहे.

तर चालू ठेव. पण लवकर कर. पण नीट कर. तुला काय ते कळतं.

तात्यासाहेब

---

औरंगाबाद
११ ऑक्टोबर १९९९

तीर्थरूप तात्या,

आज एक गंमत झाली. गंमत म्हणू की काय म्हणू, तेच कळत नाही.

आवडाआत्या अब्बांच्या दुकानात बांगड्या भरायला आल्या होत्या. हात पुढे करून बसल्या आणि मला खाली बोलावून घेतलं. म्हणाल्या, "का गं पोरी, अजून दोन वर्षं कशाला लागतात?" मी विचारलं, कोण म्हणालं दोन वर्षं? म्हणाल्या, "तात्या म्हणतो, तू तसं सांगितलंस. तारा आधी काढल्या तर दात गळून पडतील असं बी म्हणालीस म्हणे." तात्या, मी असं कधी म्हणाले? मी तर तुम्हाला उन्हाळ्यातच सांगितलं होतं की आता फक्त काढलेल्या दाताची मागची फट बुजायची राहिली, टिकल्या जागेवर टिकल्या तर चार-सहा महिन्यांचं काम. आत्यांसमोर तुम्हाला खोटं पाडायला नको म्हणून मी "हं, हं" केलं आणि जिना चढून वर पळाले.

दुसरं म्हणजे मी एक निर्णय घेतलाय. नागपूरच्या सरांना मनूच्या दातांचे साचे आणि एक्स-रे पाठवले होते. ते म्हणतात, योजना बरोबर आहे, हात बरोबर आहे, पेशंट बघ. पण मी पेशंट बघूनच बसलेय की! मला स्वतःवर शंका यायला लागली, तात्या. गुरुवारी बीडला एका मुलाची तार वळवताना माझा हात थरथरला. असं आजवर कधी झालं नव्हतं. इथे एक मोठे डॉक्टर आहेत, वीस वर्षं हेच करतात. मनूला त्यांच्याकडे सोपवते. माझा अहंकार तिच्या दातांपेक्षा मोठा नाही.

आबेदा

---

पिशोर
१७ ऑक्टोबर १९९९

चि. आबेदा,

दुसरा डॉक्टर नको. बिलकूल नको. तूच कर. दोन वर्षांचं म्हणशील तर अक्काचं वय झालं, ती एकाचं दोन सांगते. तू मनावर घेऊ नको.

अन् हे बघ, घाई काय नाय. चार-सहा महिने कशाला, सावकाश होऊ दे. पोर आता कन्नडच्या कॉलेजला जाते, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. रोज एसटीनं जाते अन् येते, पुस्तकं बाळगते, घरी आली की वहीत बेडकाची चित्रं काढत बसते. तिचं बरं चाललंय. तुझा हात थरथरला हे वाचून मला लई वाईट वाटलं. तुझ्या हातात काय खोट नाय, एवढं ध्यानात ठेव.

तात्यासाहेब

---

औरंगाबाद
५ डिसेंबर १९९९

तीर्थरूप तात्या,

जून महिन्यात "दिवाळीपर्यंत कर", सप्टेंबरात "हात चालव", फेब्रुवारीत "लवकर कर पण नीट कर", आणि आता "घाई काय नाय". सगळी पत्रं एकापुढे एक मांडून बसले आणि माझ्याच डोक्याचा भुगा झाला. अब्बांना विचारलं तर म्हणाले, "तात्यासाहेब मनातलं कधी सांगत नाही. जमिनीच्या वाटण्या झाल्या तेव्हाही बोलले नाही, वाईट वावर घेऊन आले." यावर मी काय समजायचं?

एकच विचारते, सरळ उत्तर द्या. तुम्हाला मनूच्या तारा लवकर काढून हव्यात की नकोत?

आबेदा

---

पिशोर
१८ जानेवारी २०००

आबेदा,

तुझ्या पत्राचं उत्तर राहिलं ते राहू दे. इथं आभाळ कोसळलंय.

संक्रांतीला अक्का मनूला करमाडला घेऊन गेली, भोगीची भाकरी खायला म्हणून. मी नाय म्हणू शकलो नाय. सणासुदीला भाचीला न्यायचा आत्याचा हक्कच असतो. तिथं अक्कानं तिला सरळ सोनाराच्या पेढीवर बसवलं! बांगडी अडकली, अंगठी रुतली तर सोनार कापून काढतो का नाय, मंग ही तार म्हणजे काय मोठं, असं तिचं म्हणणं! त्यानं बारीक पक्कड घालून पुढच्या सगळ्या टिकल्या खुडल्या, तार कापली. मागच्या तेवढ्या राहिल्या, तिथं त्याची पक्कड पोचंना. अक्का म्हणाली, "एका दिवसाचं काम आहे, पाहुणे येऊन गेले की आबेदा परत लावून देईल." सगळं सामान शेंदराच्या डबीत घालून पोरीजवळ दिलंय.

पाहुणे आले. पोरगी पसंत पडली. माघ पौर्णिमेला याद्या करायला येतो म्हणाले.

आबेदा, तू काय बी कर, पण तारा लगोलग परत बसव. आज मनूला पाठवतोय. तिला सांग, अक्काला सांग, सगळ्या जगाला सांग, दात कच्चे आहेत, अजून लई दिवस लागतील, मधी लग्न केलं तर बिघाड होईल. तुला जसं सुचंल तसं सांग. मला तर काही सुचंना. जेवण जाईना.

तात्या

---

औरंगाबाद
२२ जानेवारी २०००

तीर्थरूप तात्या,

मनू आली. डबी उघडून पाहिली तेव्हा हसू की रडू ते कळेना. टिकल्या शेंदरानं लालभडक झालेल्या. सोनाराचा हात मात्र हलका, एका दातावर जराशी रेघ उठलीय, बाकी सगळे शाबूत. मी स्वच्छ करून नव्या टिकल्या लावल्या.

लावताना एकच विचार डोक्यात फिरत होता. पाहुण्यांना दात आवडले. मुलगी पसंत पडली. दीड वर्षापूर्वी तुम्ही ज्यासाठी तिला माझ्याकडे आणलंत तेच झालं. मग तात्यांचं जेवण का जाईना?

मनूला विचारलं. आधी छताकडे बघणं झालं. मी म्हणाले, "मनू, या टिकल्यांपायी मी माझ्या हाताला शिव्या घालतेय. मला डॉक्टरकी सोडावीशी वाटली. आता तरी सांग, ऊस खातेस ना?" ती एकदम रडायलाच लागली. म्हणाली, "खाते."

"कोण देतं?"

"तात्या. सांजच्याला वावरातून येताना एक कांडं आणतात. ओट्यावर ठेवतात अन् काही न बोलता बैलांकडं जातात. उसाचे दिवस सरले की फुटाणे ठेवतात. मी खाते, उजवीकडून. मी बी काही बोलत नाही."

"करमाडचं स्थळ नको म्हणून?"

"मला शिकायचंय. तात्यांना ते कळलंय, पण आत्याला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येतं. तुम्ही त्यांना बोलू नका, ताई. त्यांना वाटतं, मला काही कळत नाही."

बोलू नका म्हणाली, पण मी तिला तसा शब्द दिला नाही. कारण मला तुमचा लई राग आलाय, तात्या. वर्षभर मी सरांना साचे पाठवतेय, मसाले बदलतेय, बीडला माझा हात थरथरतोय, आणि तुम्ही मला लिहिता, "तुझा डिंक कच्चा असंल"! तुमच्या घरी जेवून मोठी झाले, मला एका शब्दानं तरी सांगायचं होतं. मी कुणाला सांगायला गेले असते?

राग सांगून झाला. आता डॉक्टर म्हणून लिहिते. तारा कायम ठेवता येत नाहीत. त्यांच्या कडेला अन्न अडकतं, दात किडतात, हिरड्या सुजतात. ऊस बंद झाला तर उन्हाळ्यापर्यंत मनूचं काम संपेल आणि त्याच दिवशी मी तारा काढीन. पुढं दात जागेवर राहावेत म्हणून रात्री घालायला एक तारेची पट्टी देईन, ती दिवसा कुणाला दिसणारसुद्धा नाही. म्हणजे त्या दिवसानंतर तुमच्याकडे सांगायला काही कारण उरणार नाही. दात कच्चे आहेत असं खोटं मी आत्यांना सांगणार नाही. दात वळवायला मी आठ वर्षं शिकले. पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं ते मला कुणी शिकवलं नाही, आणि ते माझं कामही नाही. मुलगी तुमची आहे.

मनूला मी परत पाठवलंय. तिच्या हाती अब्बांनी काकूंसाठी बांगड्या दिल्यात. पौर्णिमेला महिनाही उरला नाही.

आबेदा

---

पिशोर
६ फेब्रुवारी २०००

चि. आबेदा,

तुझं पत्र आलं तव्हापासून ते खिशात घालून फिरत होतो. वाचायचो अन् परत ठेवायचो. पोरीला सगळं कळत होतं हे वाचलं त्या दिवशी मला तिच्यासमोर जायची लाज वाटली. मी समजायचो, पोर वेडी आहे, गोड लागतं म्हणून खाते.

तुला काय सांगावं, मला माझंच कळत नव्हतं. पोरगा वाईट असता तर बरं झालं असतं, तोंडावर नाय म्हणालो असतो. पण पोरगा चांगला आहे, दारू नाय, तंबाखू नाय. मागणारी अक्का. मंग नाय म्हणायचं कोणत्या तोंडानं? दात सरळ झाले तर अक्का खूश, नाय झाले तर मनू खूश. मी आपला सकाळी एक अन् संध्याकाळी दुसरं, असा लटकलो होतो. तुला हात चालव म्हणायचो, तव्हा ते बी खरं असायचं. ऊस आणायचो, ते बी खरं असायचं.

पौर्णिमेची वाट न बघता करमाडला गेलो. अक्कानं ताट वाढलं. मी घास मोडीना तव्हा म्हणाली, "तुझं काय बिनसलं?" मी म्हणालो, "अक्का, पोर द्यायची नाय. तिला शिकू दे." एवढंच बोललो. अन् तांब्याभर पाणी प्यालो. मंग उसाचं बी सांगितलं. तुझा काही दोष नाय, हे आधी सांगितलं.

अक्कानं ताट बाजूला सारलं. म्हणाली, "तारा पोरीच्या दाताला, अन् तोंड तुझं बंद? मी तुला सहा महिन्यांचा कडेवर घेतला तो याच्यासाठी का, की तू मला भिऊन ऊस वाटत फिरावास?" मी म्हणालो, चुकलं. ती म्हणाली, "पाहुण्यांना मी सांगते. पण मला एका शब्दानं सांगितलं असतंस तर मी सोनाराकडं कशाला गेले असते?" मंग पदर डोळ्यांला लावून आत गेली. आजवर कधी मला स्टँडपर्यंत सोडायला आली नाय असं झालं नव्हतं. या खेपेला आली नाय. परतीच्या एसटीत मी बायकांसारखा रडलो. बाजूचा माणूस म्हणाला, "काका, कुणी गेलं का?" मी म्हणालो, नाय, सगळे आहेत.

अक्का कधी बोलंल ते देव जाणे. तू बी बोल. माझ्यावर रागावलीस ते बरोबरच आहे, पण मजीदभाईच्या पोरीचा हात माझ्यामुळं थरथरला, हे मला या वयात सोसत नाय.

आता कालचं ऐक. सवयीनं सांजच्याला वावरातून कांडं घेऊन आलो अन् ओट्यावर ठेवलं. ठेवल्यावर ध्यानात आलं. मनू समोरच बसली होती, वहीत बेडकाची चित्रं काढत. म्हणाली, "तात्या, आता कशाला? ताईंनी नको म्हणून सांगितलंय." एवढ्या दिवसांत आमचं उसावर पहिल्यांदाच बोलणं झालं. मी म्हणालो, "तुला नाय, मला आणलंय," अन् इज्जत राखायला स्वतःच दात घातला. मागची दाढ कडकन मोडली.

मी ओरडलो. पोर जी हसली म्हणतेस, लोटपोट. सगळ्या तारा दिसत होत्या, तुझी काकू आतून बघायला आली तरी थांबंना. ओढणी तोंडावर घ्यायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाय. मी एका हातानं गाल धरून तिच्याकडं बघत बसलो.

उन्हाळ्यात तुला वाटंल त्या दिवशी तारा काढ. तव्हा मी सोबत येईन.

अन् तोवर दाढ उपटणारा कुणी भला माणूस असंल तर त्याची चिठ्ठी पाठव. तू उपटत नाहीस, ते आता साऱ्या गावाला ठाऊक आहे.

तुझा,
तात्या